एका वेताच्या दोघी, दोन बिलं

इंदूरच्या लोकमान्य नगरातलं हे घर. काका बँकेतून निवृत्त झालेले. काकूंचा दिवस देवपूजेत आणि घरातल्या सगळ्यांच्या औषधांच्या वेळा सांभाळण्यात जातो. मुलगा-सून नोकरीला, नात चौथीत. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघाली त्या आठवड्यात जिन्याखालच्या अडगळीत एका फिरत्या मांजरीनं दोन पिल्लं घातली, एक तिरंगी आणि एक केशरी. तिरंगीचं नाव नातीनं बुंदी ठेवलं. केशरी अंगानं थोराड होता, म्हणून तो बंड्या.

दोन्ही पिल्लं एकाच वेताची, एकाच ताटलीत खाणारी. दोघांची नसबंदी एकाच डॉक्टरांनी केली, मध्ये अंतर साधारण दीड महिन्याचं. पहिलीला सगळं धरून 4,200 रुपये लागले, दुसरीला 8,900. लोक मला फोन करून विचारतात, "स्वस्तात कुठं होईल?" माझं म्हणणं असं, की आधी "कधी" ते ठरवा, "कुठं" त्याच्या मागून येतं. इतका सरळ पडताळा एकाच घरात क्वचित मिळतो, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

मी डॉक्टर नाही. मांजरांच्या नसबंदीसाठी पिंजरा, रिक्षा आणि डॉक्टरांची वेळ यांची जुळवाजुळव करून देते, एवढंच. या घरात माझा प्रवेश ऑगस्टमध्ये झाला. त्याआधीची हकिकत काकूंच्या वहीतली आहे. शंभर पानी वही, एका बाजूनं दुधाचा हिशेब, उलटी केली की मांजरांचा. जंताचं औषध कधी दिलं, ट्रायकॅटची (मांजरांच्या तीन आजारांवरची) लस कधी, रेबीजची कधी, सगळं तारीखवार. वजनंसुद्धा. पिल्लू स्टीलच्या डब्यात बसवायचं, डबा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवायचा, डब्याचं वजन आधीच वजा. मेच्या मध्यावर बुंदी 850 ग्रॅम, जूनमध्ये 1,300, जुलैत 1,750. निरोगी पिल्लू पहिले चार-पाच महिने महिन्याला साधारण साडेचारशे ग्रॅम वाढतं, तेव्हा हे आकडे अगदी बरोबर बसतात. ज्यांना रस्त्यावरचं पिल्लू सापडतं आणि जन्मतारीख माहीत नसते, त्यांनी वजनावरूनच अंदाज बांधावा, आणि जोडीला दात बघावेत. समोरचे बारीक दुधाचे दात पडून नवे यायला लागले की पिल्लू साडेतीन-चार महिन्यांचं झालं. पक्के सुळे दिसायला लागले की पाचव्या महिन्याच्या आसपास.

जुलैतले फोन

काकूंनी जुलैत चार ठिकाणी चौकशी केली. विजयनगरकडच्या एका मोठ्या दवाखान्यानं 9,500 सांगितले. त्यात रक्ताच्या तपासण्या, वायूची भूल, एक रात्र मुक्काम, सगळं आलं. पण "सहा महिन्यांआधी करत नाही" अशी अट. दुसऱ्या एका ठिकाणी 1,500. काकू खूश झाल्या, पण सून हुशार निघाली. तिनं पुन्हा फोन लावून विचारलं, "यात काय काय आलं?" तर फक्त ऑपरेशन. भुलीची इंजेक्शनं, प्रतिजैविक, टाक्यांचा दोरा, टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालायची कॉलर, सगळं वेगळं. दुखण्यावरचं इंजेक्शन? "गरज लागत नाही."

माझ्या मते हे शेवटचं उत्तर ऐकलं की फोन ठेवून द्यावा. पोट उघडून गर्भाशय काढल्यावर दुखत नाही, हे मांजर बोलत नाही म्हणूनच कोणी म्हणू शकतं. खर्च कमी करायच्या जागा पुष्कळ आहेत. मुक्काम नको, भारीतली कॉलर नको, पिल्लू ठणठणीत असेल आणि लसी झालेल्या असतील तर तपासण्यांची मोठी यादीही डॉक्टरांशी बोलून आखूड करता येते. ज्या तीन गोष्टींवर कात्री चालवू नये त्या अशा: काट्यावर वजन करून मोजलेली भूल, ऑपरेशन चालू असताना श्वासाकडे आणि ठोक्यांकडे बघणारा दुसरा माणूस, आणि दुखण्यावरचं औषध. मी चौथीही धरते, रात्री काही झालं तर उचलला जाईल असा फोन नंबर.

तिसरी चौकशी महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाची. 1955 पासूनचं हे महाविद्यालय इंदूरकरांना हाताशी आहे आणि तरी कितीतरी मांजरवाल्यांना तिथं जनावरांचं चिकित्सालय आहे याचा पत्ताच नसतो. गाई-म्हशींसाठीच ते आहे असं समजून चालतात. अशा ठिकाणी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी शिकतात, शुल्क सरकारी असतं, काही औषधं बाहेरून आणावी लागू शकतात. दोन-तीन मांजरं एकदम न्यायची असली, वेळ हाताशी असला, तर मी आधी तिथंच विचारायला सांगते. काकूंच्या घरात मात्र गाडी मुलाकडे आणि मुलाला सुट्टी नाही. काकांच्या स्कूटरवर टोपली धरून भर पावसात महूपर्यंत जाणं कुणालाच पटलं नाही.

चौथे डॉक्टर घरापासून रिक्षाच्या अंतरावरचे. त्यांनी भाव सांगायच्या आधी विचारलं, "वजन कितना है?" हा प्रश्न ऐकला की मला तो दवाखाना आवडतो. वजन ऐकून ते म्हणाले, दीड किलोच्या वर आहे, लसी झाल्या आहेत, पुढच्या आठवड्यात आणा. भाटीचे, म्हणजे मादीचे, 3,800, बोक्याचे 2,200. भूल, दुखण्यावरचं औषध आणि ड्रेसिंग त्यातच.

बोक्याचं ऑपरेशन स्वस्त का, तर ते पोटात शिरत नाही. अंडकोशाच्या पिशवीवर दोन बारीक छेद, काही मिनिटांचं काम, बहुधा टाकेही नाहीत. भाटीचं मात्र पोट उघडावं लागतं. घरात यावर एक बैठक झाली आणि ठरलं की भाटीचं आत्ता उरकावं, बोक्याचं "गणपती झाल्यावर बघू". बोका काय, पिल्लं थोडीच घालणार आहे! 2,200 रुपये वाचले असं वहीत लिहिलेलं नाही, पण काकांच्या बोलण्यात ते होतं.

सहा महिन्यांची गोष्ट

शेजारच्या आजींचं म्हणणं, एकदा पिल्लं होऊ द्यावीत, मग करावं, नाहीतर मांजर चिडकी होते. मोठ्या दवाखान्याचं म्हणणं, सहा महिने. चौथ्या डॉक्टरांचं म्हणणं, चार महिने. काकू गोंधळल्या तर नवल नाही.

पिल्लं होऊ देण्याचा मांजरीला काहीही फायदा नाही. तोटा मोजता येतो. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सहा महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या मांजरींमध्ये स्तनाच्या कर्करोगाचा धोका 91 टक्क्यांनी कमी आढळला, वर्षाच्या आत झालेल्यांत 86 टक्क्यांनी. मांजरीच्या स्तनातली गाठ बहुतेक वेळा घातक निघते, त्यामुळे हा आकडा हलका नाही.

सहा महिन्यांचा दंडक जुना आहे, लहान जिवांना सुरक्षित भूल देण्याची साधनं बेताची होती त्या काळातला. आता आश्रयगृहांत आठ आठवड्यांच्या, किलोभर वजनाच्या पिल्लांची ऑपरेशनं नेमानं होतात. घरच्या पिल्लांसाठी इंग्लंडमधल्या मांजर-कल्याण संस्था चार महिने सांगतात. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या राष्ट्रीय संघटनेनं 2017 मध्ये पाच महिन्यांच्या आतच्या शिफारशीला पाठिंबा दिला. कारण साधं आहे. मांजरी चौथ्या-पाचव्या महिन्यातही माजावर येऊ शकते. सहा महिन्यांची वाट बघणं म्हणजे तो पहिला माज येणार नाही अशी पैज लावणं.

ही पैज कोणत्या महिन्यात लावतो यालाही महत्त्व आहे, आणि ही गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. मांजरीचा माज दिवसाच्या लांबीवर चालतो. उजेड बारा तासांच्या वर गेला की शरीर तयार व्हायला लागतं. मार्चमध्ये जन्मलेलं पिल्लू जुलै-ऑगस्टमध्ये चार-पाच महिन्यांचं होतं, तेव्हा इंदूरला दिवस तेरा तासांच्या आसपास असतो, त्यात घरात रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट. म्हणजे होळीच्या सुमारास जन्मलेल्या पिल्लांना घाई करायलाच हवी. दिवाळीच्या पिल्लांना थोडी सवड मिळू शकते, तीही घरातले दिवे उशिरापर्यंत जळत नसतील तर.

बुंदी

आषाढ संपता संपता बुंदीचं ऑपरेशन झालं. काकूंनी आदल्या रात्री आठपासून तिला उपाशी ठेवायचं ठरवलं होतं, माणसाच्या ऑपरेशनला ठेवतात तसं. डॉक्टरांनी फोनवर थांबवलं. एवढ्या लहान पिल्लाला रात्रभर उपाशी ठेवलं की रक्तातली साखर उतरते, ते भुलीपेक्षा धोक्याचं. सकाळी सहाला दोन चमचे ओलं खाणं द्या, दहाला टेबलावर घेतो, पाणी निघेपर्यंत चालेल. मोठ्या मांजरीला मात्र सहा ते आठ तास उपास लागतो.

पिल्लांना थंडीही बाधते. भुलीत अंग गार पडतं आणि मग जाग यायला उशीर होतो. म्हणून सुनेनं गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून नेली होती. भाजीची झाकणाची टोपली, तळाशी घरातली जुनी चादर, वरून सुतळीनं बांधलेली. पिंजरा विकत घेतला नाही. ही काटकसर मला पटते, फक्त झाकण घट्ट हवं.

ऑपरेशन वीस मिनिटांत आटोपलं. डाव्या कुशीवर जेमतेम दोन सेंटिमीटरचा छेद. चार महिन्यांच्या पिल्लाच्या पोटात चरबी नसते, गर्भाशय दोऱ्यासारखं बारीक, रक्तवाहिन्या नाजूक, त्यामुळे रक्तस्राव नावाला. संध्याकाळी सहाला तिनं खाणं मागितलं. दुसऱ्या दिवशी ती फ्रिजवर होती, ज्याला सगळ्यांनी विरोध केला आणि तिनं तो जुमानला नाही. कॉलर 150 रुपयांची. ती घातली की मागं मागं चालायची. तेव्हा नातीच्या जुन्या लेगिंगचा पाय कापून, चार भोकं पाडून अंगरखा केला. टाके झाकले जात होते, चाटता येत नव्हतं, डॉक्टरांनी बघून मान डोलावली.

3,800 अधिक कॉलर, अधिक रिक्षा. वहीत बेरीज 4,200.

बंड्या

गणपतीच्या आठवडाभर आधी मला सुनेचा फोन आला. बंड्याच्या पोटात खूप दुखतंय, रात्रभर ओरडतो, जमिनीवर लोळतो, मागचा भाग वर करून पाय चालवतो. शेव खाल्ली होती, त्यानं असेल का? (इंदूरच्या घरातलं मांजर शेवेच्या डब्यापर्यंत पोचणारच. देऊ नये ते खरं, विशेषतः लसणाची.) मी व्हिडिओ मागवला. दहा सेकंदांत कळलं की पोटबीट काही नाही, हे जनावर माजावर आलं आहे. आणि बोका असं करत नाही.

संध्याकाळी जाऊन शेपटी उचलून पाहिली. बोक्याच्या पिल्लात गुदद्वाराखाली थोडं अंतर सोडून गोल छिद्र असतं, दोन टिंबं एकाखाली एक असावीत तसं, आणि मधल्या जागेत वृषणांचा उंचवटा. भाटीत दोन्ही अगदी जवळ, खालचं उभ्या फटीसारखं. बंड्याचं दुसऱ्या प्रकारचं होतं. लसीच्या कार्डावर "मेल" लिहिलेलं होतं, कारण लस देताना घरच्यांनी बंड्या म्हणून सांगितलं आणि तेच उतरलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर हसत म्हणाले, "माताजी, ये तो लड़की है."

केशरी म्हणजे बोकाच, हा समज हवेतून आलेला नाही. केशरी रंगाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. बोक्याला एकच एक्स, त्यामुळे एका जनुकावर तो पूर्ण केशरी होतो. भाटीला दोन्ही एक्सवर तो लागतो. एकावरच असला तर ती तिरंगी किंवा कासवरंगी होते, म्हणून तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी भाटी असते. एकूण केशरी मांजरांत बोके जास्त, हे खरंच आहे. पण या घरातली आई स्वतः तिरंगी, आणि गल्लीत फिरणारा लठ्ठ बोका केशरी. केशरी बाप आपला एकुलता एक्स प्रत्येक लेकीला देतो. तिरंगी आईकडून निम्म्या लेकींना केशरीच मिळतो. म्हणजे या जोडप्याच्या केशरी पिल्लांत भाट्या निघायची शक्यता बोक्यांइतकीच होती. अडगळीत डोकावणाऱ्या आईकडे आणि कठड्यावरच्या त्या बोक्याकडे एकदा नजर टाकली असती तर जुलैतच शंका आली असती. शेपटी उचलणं तर त्याहून सोपं.

आता प्रश्न होता पुढं काय. माजावर असताना ऑपरेशन करता येतं, पण गर्भाशय आणि रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, रक्त जास्त जातं, वेळ जास्त लागतो. डॉक्टरांनी सुचवलं की माज उतरू द्या, आठवडाभर लागेल, मग दोन-तीन आठवड्यांत पुढचा माज यायच्या आत उरकू. तोवर दार-खिडक्या बंद.

दार-खिडक्या बंद, आणि घरात गणपती यायचे होते, पाठोपाठ महालक्ष्म्या. मखर, फुलं, आरतीला येणारी मंडळी, सतत उघडं दार. बंड्याला (नाव तेच राहिलं) वरच्या खोलीत ठेवलं. तरी गणपती बसायच्या आधीच एका रात्री गच्चीचं दार उघडं राहिलं. सकाळी ती टाकीजवळ सापडली. दोन दिवसांनी ओरडणं एकदम थांबलं. घरात सुटकेचा निःश्वास, डॉक्टरांनी मात्र कपाळाला आठ्या घातल्या. मांजरीत बीज सहसा आपोआप सुटत नाही, समागमानंतर सुटतं. समागम झाला नाही तर माज हळूहळू ओसरतो आणि पुन्हा येतो. मध्येच पटकन शांत झाली तर बहुधा काम झालेलं असतं.

मी म्हटलं, महालक्ष्म्या उठल्या की लगेच नेऊ. काकू म्हणाल्या, अनंत चतुर्दशी होऊ दे. इंदूरला अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झाँक्या, म्हणजे सजवलेले देखावे, मिरवणुकीनं निघतात, शहर रात्रभर जागं असतं, दुसऱ्या दिवशी कोण कुठं असेल सांगता येत नाही. त्यानंतर पितृपक्ष लागतो, आणि पितृपक्षात काकूंना असलं काही नको होतं. मग नवरात्र आहेच. आपल्या पंचांगात मांजरीच्या ऑपरेशनला मुहूर्त निघत नाही, हे मी प्रत्येक मराठी घरात पाहते. तिकडे गर्भ मात्र रोज वाढत असतो. मांजरीचे दिवस 63 ते 65. पितृपक्ष संपेपर्यंत थांबलो असतो तर निम्मे भरत आले असते.

चतुर्दशीनंतर दोन दिवसांनी तिला नेलं. डॉक्टरांनी पोटावरची लव बाजूला केली. स्तनाग्रं गुलाबी आणि किंचित ठसठशीत झाली होती. सोनोग्राफीत दिसायचं ते दिसलं.

इथं डॉक्टरांनी एक गोष्ट केली जी प्रत्येक दवाखान्यानं करायला हवी. भूल द्यायच्या आधी, फॉर्म पुढं करून, त्यांनी काकूंना स्पष्ट विचारलं की आत पिल्लं आहेत, तरी काढायचं का? पुष्कळ ठिकाणी हा प्रश्न विचारलाच जात नाही, आणि घरच्यांना नंतर बोलण्याच्या ओघात कळतं. काकू गप्प झाल्या. गणपती नुकतेच गेलेले, पितृपक्ष चालू, आणि हातात हा फॉर्म. त्यांनी विचारलं, त्यांना दुखेल का? डॉक्टर म्हणाले, अजून सेंटिमीटरभरही नाहीत, जाणीव असावी असं काही तयार झालेलं नाही. सोनोग्राफीचा पडदा त्यांनी काकूंकडे वळवला नाही. मला ते बरं वाटलं.

दुसरा पर्याय होताच, बाळंत होऊ देणं. ते दिवाळीच्या आसपास. पण बंड्या स्वतः साडेपाच महिन्यांची, अजून अंगानं पूर्ण न वाढलेली. एवढ्या कोवळ्या मांजरीचं बाळंतपण अडू शकतं, आणि अडलं तर मध्यरात्री सिझेरियन. नीट पार पडलं तरी तीन-चार पिल्लांच्या लसी, जंताची औषधं, घरं शोधणं, आणि पान्हा आटल्यावर तिचं हेच ऑपरेशन. सून हे सगळं हळू आवाजात सांगत होती. काकांनी पेन घेतलं तेव्हा काकूंनी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि सही स्वतः केली. "मी सांभाळलीय तिला," एवढंच म्हणाल्या.

या वेळी छेद पोटाच्या मध्यावर, चारेक सेंटिमीटरचा. गर्भाशयाच्या दोन्ही शिंगांत मिळून चार गाठी. रक्तवाहिन्या जाड, प्रत्येक ठिकाणी दोनदा बांधावं लागलं, पाऊण तासाच्या वर गेलं. सलाइन लावलं, रात्री ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती झोपेतच होती.

घरी आल्यावर दोन गोष्टी झाल्या. बुंदीनं तिला ओळखलं नाही. दवाखान्याचा वास आल्यावर मांजरं सख्ख्या बहिणीवरही फिस्कारतात. एकच टॉवेल दोघींच्या अंगावरून फिरवत राहिलो, तिसऱ्या दिवशी निवळलं. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. रात्री ती कण्हत होती म्हणून काकांनी विचारलं, "अर्धी क्रोसिन देऊ का?" प्रेमानंच विचारलं. सुनेनं मला फोन केला म्हणून कळलं. पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे. ते निचरा करून टाकायची यंत्रणा त्यांच्या यकृतात जवळजवळ नसतेच. एक गोळी पुरे होते जीव घ्यायला, अर्धीचाही भरवसा नाही. डॉक्टरांनी दिलेलं दुखण्यावरचं औषध वजनावर मोजून, तेही ठरावीक दिवस. माणसांच्या डब्यातलं काही नाही, वेदनाशामक मलमसुद्धा नाही.

टाके बाराव्या दिवशी निघाले. लेगिंगचा अंगरखा तिला होईना, तेव्हा बुंदीचीच कॉलर वापरली.

वहीतलं दुसरं पान

सोनोग्राफी 700. रक्ताच्या तपासण्या 900, कारण या वेळी डॉक्टर त्याशिवाय भूल द्यायला तयार नव्हते, आणि ते बरोबरच होतं. ऑपरेशन 5,500. सलाइन आणि मुक्काम 1,000. औषधं 450. रिक्षा 350. एकूण 8,900. डॉक्टरांनी काही जास्तीचं लावलेलं नाही, प्रत्येक आकड्यामागं काम आहे. हेच जनावर जुलैत बुंदीबरोबर टोपलीत बसलं असतं तर 3,800 मध्ये भागलं असतं, कॉलर तीच, रिक्षा तीच. हे दर या एका घराचे, शहरात कमी-जास्त सापडतील. पण स्वस्त दवाखाना शोधायला लोक जितके फोन करतात, त्यातला एक फोन चौथ्या महिन्यात केला असता तर या घरात दुसरं बिल निम्म्याहून खाली आलं असतं.

डिसेंबरपर्यंत दोघी तीन किलोच्या वर गेल्या. नसबंदीनंतर मांजराची भूक वाढते आणि गरज पाव हिश्श्यानं तरी कमी होते. काकूंना हे पटायला वेळ लागला. आता ताटलीत खाणं वाटीनं मोजून पडतं, काकांनी लपून दिलेलं सोडून.

मोठी माऊ

आईचं राहिलंच होतं. दोघींचं सगळं झालं तरी ती गल्लीत मोकळी, म्हणजे वर्षाला दोन-तीन वेत चालूच. पिल्लं पीत असतानाच मांजरी पुन्हा गाभण राहू शकते, आणि ती राहिलीच. जुलैत शेजारच्या गॅरेजात पुन्हा व्याली. फिरत्या मांजरांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेकडून पिंजरा आणला, पण लगेच धरली नाही. अंगावर पिणारी पिल्लं असताना आईला उचललं तर ती उपाशी मरतात. ती आठ-नऊ आठवड्यांची होऊन खायला लागल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी, सुक्या बोंबलाच्या वासावर ती पिंजऱ्यात आली. तिचं ऑपरेशन संस्थेमार्फत झालं, डाव्या कानाचं टोक कापलेलं, म्हणजे पुन्हा कोणी तिला उगाच टेबलावर घेणार नाही. काकांनी संस्थेला हजार रुपये दिले, पावती वहीला टाचली.

गॅरेजातली दोन पिल्लं उरली होती. ती कोणी न्यायची यावर गल्लीत बरंच बोलणं झालं आणि शेवटी ती काकूंच्याच जिन्याखाली आली. एक काळा-पांढरा, एक केशरी. या वेळी दोघांच्याही शेपट्या उचलून मगच वहीत लिहिलं: दोन्ही बोके. चौथा महिना नोव्हेंबरच्या मध्यावर भरत होता. मुलगा दिवाळीनंतर सुट्टी घेणार होता, गाडी होती, आणि दोघं एकदम न्यायचे, म्हणून या खेपेला महू ठरलं. आधी फोन करून दिवस विचारून घेतला, लसीची कार्डं, दोन वेगळ्या टोपल्या, दोन टॉवेल आणि गरम पाण्याची पिशवी घेऊन सकाळी साडेसातलाच निघाले, कारण तिथं आधी येईल त्याचा नंबर आधी लागतो.